एम्प्टी सेट!

कॉम्प्युटर ब्रँचच्या पोराला सगळ्यात जास्त कोण छळतं असं विचारलं, तर बहुतेक जण एरर मेसेजकडे बोट दाखवतील. माझं मत जरा वेगळं आहे. एरर हा प्रामाणिक प्राणी. तो ओरडतो, लाईन नंबर सांगतो, कधी कधी तर कुठल्या शब्दापाशी अडलंय तेही दाखवतो. खरी धास्ती वाटते ती शांतपणे आलेल्या रिकाम्या उत्तराची. कमांड बरोबर, स्पेलिंग बरोबर, सर्व्हर चालू, आणि उत्तर काय? मायएसक्यूएल म्हणतं, ‘एम्प्टी सेट’. ओरॅकल म्हणतं, ‘नो रोज सिलेक्टेड’. टी.ई.च्या लॅबमध्ये हे ‘नो रोज’ आम्ही रोज बघायचो!

एकदा आमच्या बॅचमधल्या दोन पार्टनर्समध्ये यावरून चक्क भांडण झालं. एकाने त्याच्या मशीनवर दहा ओळी इन्सर्ट केल्या, सिलेक्ट करून बघितल्या, दहाच्या दहा हजर. शेजारच्या मशीनवर दुसऱ्याने तोच टेबल उघडला तर शून्य. “तू काही भरलंच नाहीस,” “अरे मग हे काय भूत आहे का?” असं करत प्रकरण पार कॉलेजची फी कोण भरतं इथपर्यंत गेलं. दोघंही खरं बोलत होते. पहिल्याने ‘कमिट’ दिलं नव्हतं, आणि कमिट होईपर्यंत त्या ओळी फक्त त्याच्याच सेशनला दिसतात. बाकी जगाच्या लेखी त्या जन्मालाच आलेल्या नसतात.

दुसऱ्या एका प्रॅक्टिकलला ‘शो डेटाबेसेस’ टाकलं तर सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीचा एक डेटाबेस सोडून काहीच दिसेना. पाच मिनिटांत अख्ख्या मजल्यावर बोंब, सर्व्हर फॉरमॅट झाला! कुणीतरी सबमिशन पुढे ढकलल्याचा आनंदही साजरा करून टाकला. लॅबचे काका शांतपणे आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरांनो, काल लॉगिनं बदललीत. ज्याला जेवढे हक्क तेवढंच त्याला दिसतं.” काकांनी कुठली पदवी घेतलेली नाही, पण मायएसक्यूएलचा हा नियम त्यांनी एका वाक्यात सांगितला. हक्क नाहीत म्हणून सर्व्हर भांडत नाही, नुसती यादी छोटी करून हातात देतो.

असे प्रकार बरेच आहेत. एसक्यूलाईटला फाईलचा पत्ता चुकीचा दिला तर तो तक्रार करत नाही, त्या नावाने नवी कोरी फाईल मांडून बसतो. मोंगोला नसलेल्या कलेक्शनमध्ये शोधायला सांगा, तो बिनधास्त शोधून रिकाम्या हाताने परत येतो. पोस्टग्रेस त्यातल्या त्यात सभ्य. कॉलमची नावं व्यवस्थित छापतं आणि खाली लिहितं, शून्य ओळी. असा टेबल मी जुन्नर तालुक्यात दगडातही पाहिलाय. नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आज पुतळे गेलेत, पण सिमुक, नागनिका, सातकर्णी ही वर कोरलेली नावं ब्राह्मी लिपीत शिल्लक आहेत. दोन हजार वर्षांचं हेडिंग आणि खाली शून्य ओळी! ट्रेकला गेलेल्या आमच्या ग्रुपमध्ये या विनोदाला मी एकटाच हसलो, ते असो.

आता हॉस्टेलची गोष्ट. माझा रूममेट मेस सेक्रेटरी झाला आणि वहीऐवजी डेटाबेस ठेवायचा त्याने चंग बांधला. एक टेबल विद्यार्थ्यांचा, एक भरलेल्या पैशांचा. महिनाअखेरीस क्वेरी लिहिली की ज्यांचा रोल नंबर पैसे भरलेल्यांच्या यादीत नाही त्यांची नावं दे. उत्तर, एम्प्टी सेट. गडी खूश! नोटीस बोर्डावर अभिनंदनाचा कागद लागला, ‘मेसच्या इतिहासात प्रथमच शंभर टक्के वसुली’. संध्याकाळी मेसचे महाराज तो कागद वाचून वर आले. म्हणाले, “भाऊ, गॅसवाल्याला द्यायला गल्ल्यात पैसे नाहीत. मग सगळ्यांनी भरले ते गेले कुठं?”

आम्ही रात्री बसलो. पैशांच्या टेबलात एक ओळ पाहुण्याची होती. कुणाचे तरी वडील दोन दिवस जेवले, त्याचे पैसे जमा, पण रोल नंबरच्या जागी काहीच नाही, म्हणजे ‘नल’. आता गंमत बघा. नल म्हणजे शून्य नाही की कोरी जागा नाही. नल म्हणजे ‘माहीत नाही’. सर्व्हर प्रत्येक पोरासाठी विचारतो, याचा नंबर यादीतल्या प्रत्येक नंबरापेक्षा वेगळा आहे ना? बाकी सगळ्यांशी वेगळा, पण त्या एका नलशी? माहीत नाही, कदाचित हाच असेल. आणि ‘माहीत नाही’ आलं की ‘नॉट इन’ कुणालाच पास करत नाही. एका पाहुण्याच्या जेवणाने सगळे थकबाकीदार माफ! नल असलेली ओळ आधी गाळली, किंवा ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरलं, की यादी येते. आली. चांगली पानभर आली. माझा रूममेट तिच्यात तिसरा होता.

या प्रकारात मला सर्व्हरपेक्षा महाराज जास्त हुशार वाटले. त्यांना एसक्यूएल येत नाही, पण गल्ल्यात काय असायला हवं ते ठाऊक होतं. रिकामं उत्तर खरं की खोटं हे सर्व्हर सांगू शकत नाही. तिथे काय असायला हवं होतं हे ज्याला माहीत आहे, तोच सांगू शकतो.

मी आंबेगाव तालुक्यातला आहे, त्यामुळे हा विचार डोक्यात आला की माळीण आठवल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि जवळजवळ अख्खं गाव त्याखाली गेलं. सरकारी आकड्याप्रमाणे १५१ माणसं गेली. ही बातमी बाहेर कळली ती एका एस.टी. चालकामुळे. गाडी घेऊन तो तिथे आला आणि जिथे गाव दिसायला हवं तिथे नुसता चिखल. नवखा माणूस असता तर म्हणाला असता, इथे डोंगर आहे आणि चिखल आहे. त्या चालकाला इथे घरं होती हे माहीत होतं. यापलीकडे त्या दिवसाबद्दल लॅबच्या भाषेत काही लिहावंसं वाटत नाही.

आमच्या भागात रिकाम्या उत्तराचा रीतसर अभ्यास करणारी मंडळीही आहेत, खोडदला. नारायणगावच्या पूर्वेला जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, कांद्याच्या नि टोमॅटोच्या वावरांशेजारी. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा आमच्या शाळेची सहल गेली होती. त्या वेळी मला फक्त तबकड्यांचा आकार कळला. इथल्या शास्त्रज्ञांनी काय केलंय ते इंजिनिअरिंगला आल्यावर वाचलं. दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा २१ सेंटीमीटरचा संदेश इतका क्षीण असतो की एकेका दीर्घिकेकडे बघितलं तर हाती काहीच लागत नाही, नुसती खरखर. पण ‘सापडलं नाही’ असं म्हणून ते उठत नाहीत. आपलं यंत्र किती क्षीण संदेश पकडू शकतं ते आधी मोजतात आणि म्हणतात, असलाच तर या आकड्यापेक्षा कमी आहे. पुढे त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून सरासरी काढली, आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला हायड्रोजन सापडला! एन.सी.आर.ए.चे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या बेंगळुरूच्या सहकाऱ्यांचा हा शोध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. हजारो जवळजवळ रिकाम्या उत्तरांची बेरीज.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घडलेला प्रकार.

आमचं गाव घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या बाजूला. गावात दुधाची डेअरी आहे. सकाळ-संध्याकाळ कॅन, काटा, फॅट, आणि दिवाळीच्या तोंडावर सभासदांना वर्षाचा फरक मिळतो. गोठ्यावर जगणाऱ्या घरात दिवाळी कशी होणार हे त्या फरकावर ठरतं. दोन वर्षांपूर्वी डेअरीत नवं सॉफ्टवेअर आलं. मी घरी पोचलो त्या दिवशी आमच्या आळीतल्या एक आजी ओट्यावर बसल्या होत्या, आडनाव बोऱ्हाडे. वडिलांना सांगत होत्या, “कंप्युटर म्हनतो तुम्ही सभासदच न्हाई. आरं, डेअरी निघाली तवा ह्या गावात बायांमधी पह्यला अंगठा माझा! तवा डेअरीवर पत्राबी नव्हता.” नातवाची कॉलेजची फी त्या पैशातून भरायची होती. शेअरची पावती पावसात भिजून तिचा लगदा झालेला.

वडील माझ्याकडे बघून म्हणाले, “एवढा शिकतोस ना? जा, बघून ये काय ते.”

डेअरीतला ऑपरेटर दादा माणूस चांगला. त्याने माझ्यासमोर आजींचं पूर्ण नाव टाकलं. ‘नोंद आढळली नाही.’ चेअरमन बाजूला बसलेले, म्हणाले, “आता मशीन कशाला खोटं बोलेल?” मशीन खोटं बोलत नव्हतं हे खरंच. पण आजीही खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. दोघं खरं बोलत असतील तर प्रश्नातच काहीतरी गडबड असणार.

आधी पेन ड्राईव्हवर बॅकअप घेतला. (सर्व्हरचा पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. सुरक्षिततेवर मी त्या दिवशी भाषण दिलं नाही.) मग सभासदांच्या टेबलात एकूण ओळी किती ते मोजलं आणि कपाटातलं जुनं कागदी रजिस्टर काढलं. आकडा जुळला. म्हणजे टेबल बरोबर, डेटा गेलेला नाही. नुसतं आडनाव टाकलं तर चार-पाच बोऱ्हाडे आले. दादा म्हणाला, “बघ, बोऱ्हाडे आहेत की. आजीच नाहीत.” मी नावं नीट वाचली. सगळी माझ्या वयाची नाहीतर थोडी मोठी पोरं, गेल्या दोन वर्षांत सभासद झालेली. अर्धी आळी बोऱ्हाड्यांची, आणि म्हातारा एकही नाही?

मग अटी कमी करत गेलो. आडनाव काढलं आणि नुसतं ‘बो’ने सुरू होणारं सगळं मागितलं. आल्या! आजी आल्या, त्यांचे दीर आले, सगळी जुनी आळी आली. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं, बोऱ्हाडे. तेच आडनाव तिथून कॉपी करून शोधलं तर सापडलं. हाताने टाईप करून शोधलं तर नाही. दादा खुर्ची सरकवून जवळ आला. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले. डोळ्यांना तिळमात्र फरक नाही. मग सर्व्हरला प्रत्येकाची लांबी विचारली. टाईप केलेला बोऱ्हाडे २४ बाइटचा, जुना बोऱ्हाडे २७ बाइटचा!

तीन बाइट जास्त, म्हणजे युनिकोडमधलं एक अख्खं चिन्ह, पण दिसत नाही. आपल्या मराठीचा तो खास ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ म्हणजे नुक्तावाला र, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं शून्य रुंदीचं अदृश्य चिन्ह, आणि मग ह. पहिली रीत मुख्य, दुसरी युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली. दोन्ही कायदेशीर, दोन्ही छापली की सारखीच. सर्व्हर मात्र अक्षराचा चेहरा बघत नाही, मागचे आकडे बघतो. काही कोलेशन अशी अदृश्य चिन्हं तुलनेत सोडून देतात, पण तिथे निवडलेलं कोलेशन तसलं नव्हतं. जुनं रजिस्टर पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये होतं, ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं तेव्हा दुसरी रीत आली. नव्या नोंदी दादा नव्या कीबोर्डने करतो, तिथे पहिली.

हा नुसता शोधण्याचा घोटाळा असता तरी चाललं असतं. पण नव्या सॉफ्टवेअरने सगळ्यांना नवे नंबर दिले होते, आणि फरकाची यादी करताना दूध घातल्याच्या नोंदी जुन्या सभासद रजिस्टरशी नावावरून जोडल्या जात होत्या. नंबरावरून नाही, नावावरून! हे ज्याने कुणी लिहिलं त्याला मनातल्या मनात मी जे म्हणालो ते मॅगझिनच्या मराठी विभागात छापता येणार नाही. त्यातही इनर जॉईन. इनर जॉईन न जुळलेली ओळ गुपचूप गाळतो. लेफ्ट जॉईन असता तर आजींच्या दुधापुढे सभासदाची जागा रिकामी दिसली असती आणि दादाने विचारलं असतं, हे काय? आजींनी वर्षभर घातलेलं दूध एका टेबलात होतं, त्यांचा अंगठा दुसऱ्या टेबलात होता, आणि मधे तीन बाइट.

सॉफ्टवेअरवाल्यांना दादाने फोन लावला. “तुमचा टायपिंगचा प्रॉब्लेम आहे” असं उत्तर मिळालं. मग दोन रात्री आम्हीच बसलो. दोन्ही रीती एकच करून घेतल्या, टेबलातल्याही आणि शोधाच्या चौकटीत टाईप होणाऱ्याही. पत्त्याच्या रकान्यात ‘गाव’ आणि ‘गांव’ असाही झगडा निघाला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार काढला, पण आमच्याकडच्या कित्येक पाट्यांवर आणि मंडळींच्या हातात तो अजून आहे. मग कागदी रजिस्टर समोर ठेवून जुन्या नंबराला नवा नंबर अशी एकेक जोडी लावली. दादा वाचायचा, मी टाईप करायचो, चेअरमन चहा सांगायचे. त्यांचा ‘मशीन कशाला खोटं बोलेल’ हा सूर पहिल्याच रात्री बदलला होता. शेवटी स्क्रीनवरचं ‘नोंद आढळली नाही’ बदलून ‘या लिहिण्याने नोंद सापडली नाही, रजिस्टर पाहा’ असं केलं. हे शेवटचं दादाने सुचवलं. मला सुचलं नव्हतं.

आजींचं काम झालं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आजी भांडायला आल्या म्हणून कळलं. जे आलेच नाहीत त्यांचं काय? म्हणून बॅकअपमधला जुना टेबल उघडला आणि ज्या नावांत ते अदृश्य चिन्ह आहे ती सगळी मागितली. या वेळी उत्तर रिकामं नव्हतं. दादाने ती यादी मागच्या वर्षीच्या वाटपाशी ताडून बघितली आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे काट्यासमोर कॅनची रांग लागली तेव्हा दादाने खुर्चीवर उभं राहून नावं वाचली, दोन्ही वर्षांची रक्कम दिवाळीआधी मिळेल म्हणून. रांगेत वरच्या वाडीतले एक बाबा होते. नाव ऐकून त्यांनी कॅन खाली ठेवला आणि शेजारच्याला विचारलं, “माझंच म्हनला का?” मग म्हणाले, “मागल्या सालीबी नव्हतं आलं. म्हटलं, आता दूध कमी झालंय, सोडलं असंल आपल्याला.”

दादाने नाव पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं.